अध्यक्षाला खाली खेचायचे, पण कोणत्या गुन्ह्यासाठी?

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या रोहा तालुक्यातील ऐनघर ग्रामपंचायतीच्या महिला सरपंचांना पदावर परत बसवले. कोकण विभागीय आयुक्तांनी २०२४ मध्ये त्यांना पदावरून काढून टाकले होते. निवडून आलेल्या महिला सरपंचांना सदस्य आणि अधिकारी मिळून घालवतात, या प्रकारावर न्यायालयाने उघड नाराजी व्यक्त केली. गावच्या सरपंचाला आपली खुर्ची परत मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते, ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

त्याच काळात पेण-रोह्यातली आपली तरुण मुले मोबाइलवर दुसरीच चर्चा करत होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवावा का? दक्षिण कोरियाने राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवले, मग आपल्याकडे राष्ट्रपतीला का हटवता येत नाही? कोणी म्हणे हटवलेच पाहिजे, कोणी म्हणे हा विरोधकांचा डाव आहे. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. एक गोष्ट खटकली. गुन्हा कोणता, हे दोन्हीकडचे कोणी नीट सांगत नव्हते. आपला पक्ष कोणता, एवढ्यावर मत ठरत होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अध्यक्ष देशाचा असो की गावाचा, त्याला हटवण्याच्या मागणीत खरा गुन्हा लिहिलेला नसेल, तर त्या लढाईत कोणताही पक्ष जिंको, दुबळा माणूस हरतोच. हे आम्ही इतिहासातून सांगतो.

एका मताने सुटलेला राष्ट्राध्यक्ष

एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. जॉन्सन टेनेसी राज्याचे. स्वतः गुलाम बाळगलेले. यादवी युद्ध संपले होते, गुलामगिरी कायद्याने गेली होती. पण दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांनी लगेच नवे कायदे करून मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुन्हा मळ्यांवर बांधायला सुरुवात केली. त्या माणसांना आधार देणाऱ्या फ्रीडमेन्स ब्युरोचे विधेयक जॉन्सन यांनी अडवले. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा अडवला. तो काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांचा नकाराधिकार डावलून मंजूर केला. त्याच वर्षी मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स येथे काळ्यांची कत्तल झाली.

गुन्हा डोळ्यांसमोर होता. पण २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग लावला तो कशासाठी? जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले आणि त्यामुळे १८६७ च्या एका कायद्याचा भंग झाला म्हणून. एकूण ११ आरोप होते. बहुतेक सगळे या बडतर्फीभोवती फिरणारे. राष्ट्राध्यक्षांनी भाषणांतून संसदेची निंदा केली, असाही एक आरोप होता. मुक्त झालेल्या माणसांना वाऱ्यावर सोडले, हा आरोप स्वतंत्रपणे एकदाही लिहिला गेला नाही.

मग जे व्हायचे ते झाले. वकिलांनी कायद्याचा कीस काढला. स्टँटन यांची नेमणूक तर लिंकन यांनी केली होती, मग हा कायदा त्यांना लागू होतो का, यावर दिवस गेले. १६ मे १८६८ रोजी सिनेटमध्ये ३५ जणांनी दोषी म्हटले, १९ जणांनी निर्दोष. ३६ मते हवी होती. एक मत कमी पडले. जॉन्सन यांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाच्याच ७ सदस्यांनी त्यांना सोडले. पुढे १८७७ मध्ये दक्षिणेतले सैन्याचे संरक्षण गेले आणि काळ्या माणसाला मतदानाच्या रांगेतून हाकलण्याचे युग सुरू झाले. ज्या कायद्यासाठी एवढे रामायण घडले, तो १८८७ मध्ये रद्दही झाला.

याच अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीकडे आपले जोतीराव फुले पुण्यातून पाहत होते. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. जोतीरावांनी नेमके ओळखले होते की प्रश्न माणसाच्या गुलामीचा आहे. सिनेटमधल्या मंडळींनी तो मंत्र्याच्या बडतर्फीचा करून टाकला.

कलम ६१ काय सांगते

आता आपल्या संविधानाकडे या. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष. मसुद्यात जे कलम ५० होते, ते आजचे कलम ६१. राष्ट्रपतीवर महाभियोग एकाच कारणासाठी: संविधानाचा भंग. अमेरिकेसारखी देशद्रोह, लाचखोरी, मोठे अपराध अशी यादी नाही. याच्या आधीचे कलम ६० वाचा. राष्ट्रपती शपथ घेतात ती संविधानाचे जतन, रक्षण आणि संवर्धन करण्याची. शपथ ज्याची, आरोप त्याच्याच भंगाचा. एवढी सरळ मांडणी आहे.

आरोप आणायचा तर त्या सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि १४ दिवसांची लेखी नोटीस लागते. मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी तो मंजूर व्हावा लागतो. दुसरे सभागृह चौकशी करते. राष्ट्रपतींना तिथे हजर राहण्याचा, वकील देण्याचा हक्क आहे. त्या सभागृहातही दोन तृतीयांश. आजच्या हिशेबाने लोकसभेत ३६२ आणि राज्यसभेत १६४ मते. आजवर भारतात एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग चाललेला नाही.

एवढा उंच उंबरठा का? कारण राष्ट्रपती पक्षांच्या भांडणातूनच निवडून येतो. १९६९ ची निवडणूक आठवा. तिसऱ्या क्रमांकावरचे उमेदवार आपल्या रोह्याशी नाते असलेले सी. डी. देशमुख होते. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच देशमुख. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले आणि त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ इतकी मते पडली. खरी झुंज काँग्रेसमधल्याच दोन गटांत झाली. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि पंतप्रधानांच्या गटाने चालवलेले व्ही. व्ही. गिरी निवडून आले. निवडणुकीविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, खुद्द गिरी साक्षीला आले, १९७० मध्ये दावा फेटाळला गेला. निवडणुकीचा वाद न्यायालयात, पदावरच्या संविधानभंगाचा वाद संसदेत, अशी संविधानाने विभागणी केली आहे. हरलेल्या पक्षाने निवडणुकीचा राग महाभियोगातून काढू नये, हा तिचा अर्थ.

उंबरठा उंच, पण न्यायाधीश कोण?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. राष्ट्रपतींनी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे? तो विचारला गेला नाही. महाभियोगावर गंभीर चर्चा व्हावी असा प्रसंग असेल तर हाच. पण सह्या करायच्या त्या विरोधी खासदारांतले प्रमुख तुरुंगात. १९७१ मध्ये लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा सत्ताधारी काँग्रेसने जिंकलेल्या, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. ज्या पक्षाने सही घेतली, तोच पक्ष न्यायनिवाडा करणार. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, तोवर लोकांनी भोगून झाले होते.

पक्ष कसे वागतात याचा दुसरा दाखला न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचा. चौकशी समितीने त्यांना दोषी ठरवले होते. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत त्यांना हटवण्याच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. तरी ठराव पडला, कारण काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ बसले. दोषीला निर्दोष म्हणण्याचे धाडस कोणातच नव्हते, पण दोषी म्हणण्याचीही तयारी नव्हती. तटस्थ राहणे हासुद्धा पक्षपातच असतो.

आणि आता के. आर. नारायणन. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली, ती त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. वाचले भाजपचे कल्याणसिंग सरकार. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी तीच शिफारस केली, तीही त्यांनी परत पाठवली. या वेळी वाचले राबडीदेवींचे सरकार. माणूस तोच, कलम ३५६ तेच, कसोटीही तीच. लाभ मात्र एकदा एका पक्षाला, एकदा दुसऱ्याला. पक्षाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला नारायणन कधीच समजणार नाहीत. शपथेच्या चष्म्यातून पाहिले तर लगेच समजतात.

आपला माणूस, परका माणूस

आपल्या चळवळीतही इथे घोळ होतो. राष्ट्रपतिपदावर दलित किंवा आदिवासी व्यक्ती बसली की काही मित्र म्हणतात, यांच्यावर टीका म्हणजे आपल्या समाजाचा अपमान. दुसरे काही म्हणतात, तिकडच्यांनी बसवलेला माणूस, म्हणजे आधीच दोषी. आम्हाला दोन्ही मते मान्य नाहीत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तो फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांपुरता नव्हता. जात पाहून ढाल पुढे करणे आणि जात पाहून दगड मारणे, दोन्ही संविधानाच्या बाहेरचे आहे. विचारायचे ते एकच: शपथ पाळली की मोडली?

आता आपल्या गावात

हा प्रश्न दिल्लीपुरता असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये सरपंचाला घालवण्याचे दोन रस्ते आहेत. कलम ३५ चा अविश्वास ठराव आणि कलम ३९ ची गैरवर्तनाची कारवाई. पहिल्यात संख्याबळ लागते. दुसऱ्यात आरोप, चौकशी आणि सरपंचाचे म्हणणे ऐकणे लागते. हा फरक आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे.

राखीव जागेवर आपली बाई सरपंच झाली की काय होते ते आपण जाणतो. सही कुठे करायची हे तिला सांगणारे चार जण पहिल्या दिवसापासून हजर असतात. तिने स्वतः कागद वाचायला सुरुवात केली की सदस्य सहलीला जातात आणि परत येताना ठराव घेऊन येतात. संख्या जुळली नाही तर तक्रारीचा कागद तयार होतो. खरा राग असतो तिने विचारलेल्या प्रश्नाचा. कागदावर लिहिले जाते भलतेच. जॉन्सन यांच्या आरोपपत्रात खरा गुन्हा लिहिला नव्हता, इथे लिहायला खरा गुन्हाच नसतो. दोन्हीकडे मार आपल्याच माणसांना बसतो.

म्हणून कायद्याने काही अडसर घातले आहेत. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव तीन चतुर्थांश मतांनी मंजूर झाला तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला न्यावा लागतो. ही आपली जागा आहे. पण आपण ग्रामसभेला जातच नाही! मग नंतर रडून काय उपयोग?

लोकांना थेट विचारले तर काय होते, हे पेणने देशाला दाखवले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. प्रश्न स्पष्ट होता, म्हणून माणसे निर्भयपणे रांगेत उभी राहिली. सरपंचाच्या बाबतीतही प्रश्न असाच स्पष्ट असला पाहिजे: या बाईने कोणता नियम मोडला, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर?

मित्रहो, आम्ही महाभियोगाच्या विरोधात नाही. ज्याने संविधान मोडले तो कितीही मोठा असो, खाली आलाच पाहिजे. आम्ही म्हणतो एवढेच की घोषणा देण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणत्या कलमाचा भंग झाला? हाच गुन्हा आपल्या पक्षाच्या माणसाने केला असता तर आपण हीच मागणी केली असती का? आणि हा माणूस गेल्यावर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात काय येणार? तिन्हींची उत्तरे असतील तर आम्ही तुमच्याबरोबर रस्त्यावर येऊ.

आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना अधिनियमाची प्रत सोबत ठेवा. सरपंचाला घालवण्याचा कागद समोर आला की तो मोठ्याने वाचायला लावा. खोट्या आरोपाला मोठ्याने वाचले जाण्याची फार भीती असते.

जय भीम! जय संविधान!