चाक का धरतं? ब्रेकमधल्या एका रबराच्या रिंगची गोष्ट

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. महिनाभर उभी असलेली गाडी बाहेर काढली, पुढचं एक चाक तापलं, जळका वास आला, मायलेज पडलं. उत्तर ठरलेलं: 'पॅड बदला, साहेब.' माझ्या गाडीचे पॅड असे एका वर्षात दोनदा बदलले, चाक धरायचं ते धरतच राहिलं. दुखणं पॅडमध्ये नव्हतंच, कॅलिपरमध्ये होतं. ते समजायला जरा मागे जावं लागतं.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण तांब्याचे पॅड तबकडीवर घासले की कानठळ्या बसायच्या. मग अर्धं शतक ड्रमचंच राज्य. ड्रमची अडचण एकच, लांब उतारावर तो बंद डब्यासारखा तापतो आणि ब्रेक लागेनासा होतो. १९५३ ला फ्रान्समध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरली आणि ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. दोन वर्षांत सिट्रोएन डीएससारख्या घरगुती गाडीत पुढे डिस्क आले. आपली कुर्ल्यात बनणारी पद्मिनी मात्र बरीच वर्षं ड्रमवरच घाट उतरत होती.

आता खरी मेख. ड्रममध्ये लायनर मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात. डिस्कमध्ये पिस्टन मागे घेतो तो फक्त त्याच्याभोवतीचा चौकोनी रबर. ब्रेक दाबला की रबर किंचित पिळतो, सोडला की सरळ होतो आणि पिस्टनला केसभर मागे खेचतो. बस, एवढंच. पुढे स्वस्त आणि हलका म्हणून सरकता कॅलिपर रूढ झाला, तो दोन पिनांवर सरकतो. म्हणजे पिस्टनला गंज चढला किंवा पिनांचं ग्रीस सुकलं की ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

निदान अवघड नाही. ब्रेक फारसा न वापरता थोडी गाडी चालवा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा (डिस्कला हात लावू नका, भाजेल). एकच तापलं असेल तर ते जॅकवर घेऊन फिरवून बघा. जड जात असेल तर मेकॅनिकला ब्लीड निपल सैल करायला सांगा. ऑईल उडालं आणि चाक सुटलं, तर दाब अडकतोय: होज आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर सोडत नाही. तरीही जामच राहिलं तर दोष कॅलिपरचा. एक पॅड झिजून पत्र्यावर आलाय आणि दुसरा जाड आहे, तर आधी पिना बघा. त्या साफ करून ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतो. पिस्टनला खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलायचा, नाहीतर सील किटवर काम भागतं. अख्खा कॅलिपर बदलायची गरज दरवेळी नसते. निपल उघडला की ब्लीडिंग मात्र करायलाच हवं.

आणि ब्रेक ऑईल. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलं की ही हद्द १४० पर्यंत उतरते. धरलेलं चाक तेवढं सहज तापतं. मग घाटात पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो.

सरकारचं काय? ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांची ब्रेक, दिवे, स्टिअरिंगची तपासणी सक्तीची केली, १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आणली. आपल्याकडे ट्रक-टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस आहे. खासगी गाडीचा धूर पीयूसीसाठी दरवर्षी तपासतात. ब्रेककडे आरटीओ बघतं ते नोंदणी संपल्यावर, १५ वर्षांनी! निदान पाचव्या वर्षापासून तरी ही तपासणी का नको, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवं.

तोवर सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर 'पिना काढून ग्रीस' लिहून घ्या. आणि जुने पॅड परत मागा, एकाच चाकाचे दोन शेजारी ठेवले की जाडीतला फरक लगेच दिसतो.