पूर्वनियुक्ती व इच्छास्वातंत्र्य
तारण देवाच्या निवडीने मिळते की माणसाच्या होकारावर अवलंबून असते, याविषयीचा ख्रिस्ती वाद. नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांचे सशर्त निवडीचे, म्हणजे देवाची निवड माणसाच्या विश्वासावर अवलंबून असल्याचे, मत फेटाळले. पुढे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनी तेच उचलून धरले. मराठवाड्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे पूर्वनियुक्ती मानणाऱ्या परंपरेतले. निवड आधीच झाली असेल तर त्यांच्यासारख्यांनी गावोगाव प्रचार कशाला करावा, हा आक्षेप रोखठोक आहे. पण याच परंपरेच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रकानुसार साध्याबरोबर साधनेही देवानेच नेमली, म्हणून उपदेश व्यर्थ ठरत नाही. न निवडलेल्यांचा दोष कोणता, या प्रश्नापुढे मात्र हे उत्तर तोकडे पडते. तेथे सर्वांना आधीच लाभणारी वेस्लींची कृपा अधिक न्याय्य वाटते. अर्थात मग अंतिम फरक देव नव्हे, माणूसच घडवतो, हा पूर्वनियुक्ती मानणाऱ्या कॅल्विनवाद्यांचा प्रत्याक्षेपही खराच.