मास्कविरुद्धचा निकाल

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, सोसायटीच्या सभेत एक वाक्य आता निकाल लागल्याच्या सुरात ऐकू येतं : “मास्कचा काही उपयोग नव्हता, हे पुढे सिद्धच झालं.” बोलणारे अडाणी नसतात. त्यांत डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, घरातलं माणूस गमावलेलेही असतात. हे मत चुकीचं आहे आणि घातकही आहे, असं माझं म्हणणं आहे. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. कोविडचा विषाणू एका मायक्रॉनच्या साधारण दहाव्या भागाएवढा. कापडाची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. चाळणीने धूर अडत नाही, तसा मास्कने विषाणू अडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाच मार्च 2020 मध्ये निरोगी माणसाला मास्कची गरज नाही म्हणत होती, आणि 5 जूनला तिने शब्द फिरवला. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी एप्रिल ते जून या काळात सुमारे 6,000 लोकांवर रीतसर चाचणी झाली. ज्यांना मास्क घालायला सांगितलं त्यांच्यापैकी 1.8 टक्क्यांना लागण झाली, ज्यांना सांगितलं नाही त्यांच्यापैकी 2.1 टक्क्यांना. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मग जानेवारी 2023 मध्ये, वैद्यकीय पुरावे पारखण्यात ज्या कॉक्रेनचा शब्द जगभर मानला जातो, तिचा 78 चाचण्यांचा आढावा आला. समाजात मास्क वापरल्याने फ्लूसारख्या किंवा कोविडसारख्या आजारांत बहुधा फारसा फरक पडत नाही, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय अनुभव आहेच. ओमायक्रॉनच्या लाटेत मास्क लावणारे आणि न लावणारे, दोघेही आजारी पडले.

चाळणीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कच्चा आहे. विषाणू हवेत सुटा फिरत नाही. बोलताना, खोकताना, गाताना बाहेर पडणाऱ्या ओलाव्याच्या कणांत तो असतो, आणि ते कण त्याच्याहून मोठे असतात. दुसरं असं की, गाळणी कण फक्त छिद्राच्या मापाने अडवत नाही. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत, ते तंतूवर जाऊन आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तेही तंतूला चिकटतात. निसटायला सोपे असतात ते मधल्या मापाचे, साधारण 0.3 मायक्रॉनचे. एन-95 ची परीक्षा याच सर्वांत अवघड मापाच्या आसपास घेतात, आणि तिथे त्याने किमान 95 टक्के कण अडवावे लागतात. त्याच्या मधल्या थरातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर विद्युतभार असतो. तो कणांना ओढून घेतो, म्हणूनच गाळणी फार दाट करावी लागत नाही आणि श्वास घेता येतो.

खरी कमजोरी कडेला आहे. चष्मा लावणाऱ्याने मास्क चढवून श्वास सोडावा. काच धुरकटली, तर नाकाशी फट आहे आणि हवा गाळणीतून न जाता तिथून निघते आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी हाडाच्या आकाराला दाबली की धुकं कमी होतं. कानाला अडकवायचे पट्टे सैल पडतात. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे मास्क चेहऱ्यावर घट्ट धरतात. सॅन फ्रान्सिस्कोत 1918 च्या फ्लूच्या साथीत गॉझचे मास्क सक्तीचे होते. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातले डब्ल्यू. एच. केलॉग यांनी पुढे प्रयोग करून 1920 मध्ये लिहिलं की, सक्ती करावी इतकी परिणामकारकता गॉझमध्ये दिसत नाही. मास्कविरोधक हा दाखला आवडीने देतात. पण केलॉग यांनी कारणही दिलं होतं : पुरेसे थर दिले की श्वास जड होतो आणि हवा कडेने निसटते. म्हणजे त्यांनी एका वाईट मास्कचा दोष नेमका दाखवला होता. पुढच्या शंभर वर्षांत गाळणीचं तंत्र बदललं, फक्त दाखला तोच राहिला.

आता जो पुरावा या वादात फारसा कुणी काढत नाही, त्याच्याकडे येतो. तो 2012 मध्ये, कोविडच्या कितीतरी आधी, प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका वॉर्डात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे 17 रुग्ण तीन महिन्यांच्या काळात राहिले. त्यांनी साधे सर्जिकल मास्क एक दिवसाआड लावले. वॉर्डातली हवा ओढून गिनीपिगांच्या दोन सारख्या कक्षांत सोडली जात होती आणि प्रत्येक कक्षात 90 प्राणी होते. रुग्णांनी मास्क लावलेल्या दिवसांची हवा एका कक्षाला, न लावलेल्या दिवसांची दुसऱ्याला. रुग्ण तेच, खोली तीच, जंतू तेच. बदलला तो फक्त मास्क. मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेणाऱ्या 90 पैकी 69 प्राण्यांना लागण झाली, मास्क असलेल्या दिवसांची हवा घेणाऱ्या 90 पैकी 36 जणांना. धोका जवळपास निम्म्यावर आला. आणि हे सैल बसणाऱ्या साध्या मास्कने घडलं, कारण तो आजारी माणसाच्या तोंडावर होता. या प्रयोगातला जंतू कोविडचा नव्हता, हे मान्य. पण हवेवाटे पसरणाऱ्या रोगात उगमापाशी घातलेला अडसर काम करतो का, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

मग चाचण्यांत हे का दिसत नाही? कारण त्या चाचण्या दुसराच प्रश्न विचारतात. मास्क घातल्याने काय होतं, हा एक प्रश्न. ‘मास्क घाला’ असं सांगितल्याने काय होतं, हा दुसरा. डेन्मार्कच्या चाचणीत सांगितल्याप्रमाणे मास्क वापरल्याचं निम्म्याहून कमी लोकांनी, 46 टक्क्यांनीच कळवलं. तरीही हिशेबात सगळे ‘मास्कवाले’ धरले गेले. चाचणीची ती रीतच आहे आणि धोरणापुरती ती योग्यही आहे. पण तिचं उत्तर सल्ल्याविषयी असतं, वस्तूविषयी नसतं. शिवाय ती फक्त घालणाऱ्याचा बचाव मोजत होती. त्याच्यामुळे शेजारचा किती वाचला, हे मोजायची सोयच तिच्यात नव्हती. आणि तिचा निष्कर्षही ‘फायदा शून्य’ असा नव्हता. आकड्यांच्या मर्यादेत 46 टक्के घट बसत होती, तशी 23 टक्के वाढही बसत होती. एवढ्या रुंद पट्ट्याला ‘माहीत नाही’ म्हणतात. त्यातून ‘उपयोग नाही’ कसं निघेल?

कॉक्रेनच्या आढाव्याचंही तेच. त्या 78 चाचण्यांत हात धुण्याच्या वगैरे चाचण्याही होत्या. समाजातल्या मास्कविषयीच्या चाचण्या मूठभर, त्यांतल्या बहुतेक कोविडआधीच्या. कोविडच्या काळातल्या दोनच, एक डेन्मार्कची आणि दुसरी बांगलादेशची. लोकांनी मास्क पुरेसे वापरले नाहीत, म्हणून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं आढाव्यातच लिहिलेलं आहे. तरी ‘मास्क निरुपयोगी’ अशा मथळ्यांचा पूर आला, तेव्हा मार्च 2023 मध्ये कॉक्रेनच्या प्रमुख संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना जाहीर खुलासा करावा लागला : हा अर्थ चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे. आढाव्याने मास्कच्या प्रचाराचा परिणाम तपासला, आणि निष्कर्ष अनिर्णित आहेत. मथळा व्हॉट्सॲपवरून घरोघर गेला. खुलासा गेला नाही.

बांगलादेशातली चाचणी मोलाची, कारण ती आपल्यासारख्याच गर्दीत झाली. 600 गावं, तीन लाखांवर प्रौढ माणसं. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, मशिदींत आणि बाजारात जाऊन आठवणी केल्या. मास्कचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं. दर दहांतले तीन जास्तीचे, एवढाच बदल. तरी सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला, रक्ततपासणीने पक्का ठरलेला कोविड सुमारे 11 टक्क्यांनी कमी निघाला. साठीपुढच्यांत ही घट 35 टक्के होती. कापडी मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला नाही. कोणत्या गावात मास्क वाटले हे लपवता येत नव्हतं, म्हणून या आकड्यांवर आक्षेपही घेतले गेले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पण ‘सिद्धच झालं’ म्हणणाऱ्यांनी निदान या आकड्यांपाशी थांबायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने शब्द फिरवला हा आरोप खरा आहे. माझी तक्रार त्याहून मोठी आहे. 28 मार्च 2020 रोजी तिने हा रोग हवेवाटे पसरत नाही असं ठासून जाहीर केलं, तेही अमेरिकेत एका गायनवृंदाच्या सरावात 61 पैकी 53 जण बाधित वा संशयित होऊन गेल्यावर. अशी चूक पूर्वीही घडली होती. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पक्कं केलं. गाठीच्या प्लेगापुरतं ते बरोबर होतं. पण 1910 च्या हिवाळ्यात मांचुरियात आला तो फुप्फुसाचा प्लेग. पिनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला तरुण डॉक्टर वू लिएन-तेह हार्बिनला गेला आणि म्हणाला, हा श्वासातून पसरतोय, गॉझ-कापसाचे मास्क लावा. वयाने आणि मानाने मोठे असलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांनी ते मानलं नाही. ते मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि जानेवारी 1911 मध्ये त्याच प्लेगने वारले. ती साथ सुमारे 60,000 माणसं घेऊन गेली. संस्था उशिरा शहाणी झाली यावरून मास्कचा दोष ठरत नाही. ती आधी चुकली होती, एवढंच त्यातून ठरतं.

ओमायक्रॉनचा अनुभवही असाच तपासून घ्यावा. दिवसभर मास्क लावून संध्याकाळी बंद खोलीत पंधरा जणांबरोबर जेवायला बसलेला माणूस ‘मास्क लावूनही झाला’ म्हणतो. पण जेवताना मास्क हनुवटीखाली होता.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. सक्ती वाईट रीतीने राबवली गेली. मुंबईत 8 एप्रिल 2020 पासून मास्क बंधनकारक झाला, आणि पुढे क्लीन-अप मार्शल भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर 200 रुपयांची पावती फाडत राहिले. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्याने गाडी चालवणाऱ्यालाही मास्क बंधनकारक ठरवला. जिथे धोका जवळपास नव्हता तिथे दंड, आणि जिथे खराखुरा होता त्या कोंदट कार्यालयात, बंद खिडक्यांच्या खोलीत कुणी बघायला नाही. लोकांचा विश्वास तिथे उडाला. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातली सक्ती उठली, तेव्हा त्या दंडाबरोबर मास्कही कचऱ्यात गेला.

त्याची किंमत आजही मोजली जाते आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. उपचार नुकते सुरू झालेल्या, खोकणाऱ्या रुग्णाला मास्क लावायला सांगावं, तर नातेवाईक म्हणतात, त्याने काही होत नाही, कोविडमध्ये बघितलं ना. ज्या मास्कने दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वॉर्डाच्या हवेतली लागण जवळपास निम्म्यावर आणली, तोच हा मास्क. तो औषधांच्या दुकानात काही रुपयांत मिळतो, आणि घरात एकाच खोलीत झोपणारी चार माणसं असतात.