विमानपथकांचे जरतारी बिल्ले

माझ्या समोर टेबलावर कापडाचे सात तुकडे ठेविलेले आहेत. एकेक तुकडा तळहाताएवढा. कोणावर गोल चौकट आहे, कोणी ढालीच्या आकाराचा आहे. आणि प्रत्येकावर रंगीत धाग्यांनी कोणता ना कोणता पशू, पक्षी अथवा शस्त्र भरलेले आहे. भारतीय हवाई दलाच्या निरनिराळ्या विमानपथकांचे हे बिल्ले होत. वैमानिक आणि तंत्रज्ञ ते आपल्या पोशाखाच्या बाहीवर किंवा छातीवर लावितात. दौंडच्या एका निवृत्त वायुसैनिकाने आपल्या नोकरीत ते जमविले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते माझ्या स्वाधीन केले, कारण शाळेत मी इतिहास शिकवीत असे. या ठेवीचा मी कसा सांभाळ केला, हे शेवटी सांगेन. तत्पूर्वी या बिल्ल्यांचा इतिहास थोडक्यात निवेदन करतो.

सैन्याच्या तुकडीची ओळख कापडावर आणि जरीच्या कामात मिरवण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. पेशव्यांचा जरीपटका शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. आमच्या शिरूरच्या घोडनदीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांची छावणी होती. १८१७ सालच्या तहान्वये पेशव्यांच्या खर्चाने जे घोडदळ उभारले गेले आणि जे पुढे पूना हॉर्स या नावाने प्रसिद्धीस आले, त्याचा तळ शिरुरास दीर्घकाळ होता. या घोडदळाने १८५७ साली इराणातील खुशाबच्या लढाईत शत्रूचे एक निशाण जिंकले. त्या निशाणाच्या टोकावर चांदीचा हाताचा पंजा होता, आणि तो पंजा त्या पलटणीच्या अभिमानाचा विषय होऊन बसला. तात्पर्य, सैनिकाला आपल्या तुकडीचे चिन्ह ही केवळ शोभेची वस्तू वाटत नाही. ज्यांच्याबरोबर आपण जगलो आणि ज्यांच्यातले काही परत आले नाहीत, त्या सर्वांचे ते मिळून एक नाव असते.

विमाने आली तेव्हा ही चाल त्यांच्याबरोबर आकाशात गेली. पहिल्या महायुद्धात, १९१६ सालापासून, ब्रिटिश विमानांवर पथकापथकाच्या निराळ्या खुणा रंगविण्यात येऊ लागल्या. त्या बहुतेक पट्टे, वर्तुळे, त्रिकोण अशा साध्या असत. अमेरिकन लोक अधिक हौशी. त्यांच्या ९४ व्या पथकाने रिंगणात फेकलेल्या टोपीचे चित्र घेतले. मुष्टियुद्धाच्या आखाड्यात आव्हान स्वीकारण्याची ती त्यांच्याकडील रीत होय. पुढे १९३६ साली ब्रिटनमध्ये या चिन्हांना रीतसर राजमान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. मध्ये चिन्ह, भोवती पथकाच्या नावाचे कडे, वर मुकुट आणि खाली ब्रीदवाक्याची पट्टी, असा ठराविक साचा तेव्हा कायम झाला.

आपले हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने अस्तित्वात आले, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याचे पहिले पथक उभे राहिले. त्या वेळी विमाने अवघी चार, तीही जुन्या वापिटी जातीची. त्याच पथकाने पुढे ब्रह्मदेशाच्या युद्धात नाव कमाविले आणि १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली ते लढले. हे पथक 'टायगर्स', म्हणजे वाघ, या नावाने ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बिल्ल्यांना संग्राहकांत विशेष मान आहे, आणि त्याचे श्रेय पुष्कळ अंशी आपल्या देशातील शिंप्यांना आहे. चीन, ब्रह्मदेश व भारत मिळून अमेरिकेने जे रणक्षेत्र मानले होते, त्याचा बिल्ला ढालीच्या आकाराचा असे. वर निळ्या भागात चीनचा सूर्य व भारताचा तारा, आणि खाली तांबडे-पांढरे पट्टे. अमेरिकन सैनिक हे बिल्ले येथील बाजारातील कारागिरांकडून करवून घेत. कोणी कातड्यावर रंगवून देई, कोणी रेशमाने भरून देई, तर कोणी कलाबतूने. त्यामुळे एकाच चिन्हाचे दोन बिल्ले सहसा तंतोतंत सारखे सापडत नाहीत. ज्याने ते भरले त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही. परंतु त्याच्या सुईची लकब मात्र शिल्लक आहे.

हे हातकाम कसे होते, तेही पाहण्याजोगे आहे. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवितात. त्यावर आकृती उमटवून घेतात. उठाव हवा तेथे खाली सुताचा भराव देतात, आणि त्यावर सोनेरी-रुपेरी तारेच्या बारीक गुंडाळ्या हव्या तेवढ्या लांबीच्या कापून मण्यांप्रमाणे सुईत ओवून टाकतात. बनारसचे जरदोजी कारागीर आजही अशी चिन्हे करून परदेशी पाठवितात. यंत्राचे भरतकाम निराळे. स्वित्झर्लंडातील इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ साली शिफ्ली नावाचे यंत्र शोधून काढले, आणि एकाच वेळी शेकडो नग भरून निघणे शक्य झाले. त्याच देशातील जॉर्ज द मेस्त्राल यांनी कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली गोखरासारखी काटेरी बोंडे पाहून व्हेल्क्रोची पट्टी तयार केली व १९५५ साली तिचे पेटंट मिळविले. तेव्हापासून बिल्ला शिवण्याची गरज उरली नाही; तो चिकटवावा आणि बदली झाली की उपटावा. सोय झाली हे खरे, पण त्यामुळे बिल्ला आणि पोशाख यांची ताटातूटही सोपी झाली.

जुना बिल्ला कोणत्या काळचा, हे कसे ओळखावे? इतिहासाचा विद्यार्थी येथे खऱ्या अर्थाने कामास लागतो. मार्च १९४५ मध्ये आपल्या हवाई दलाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली, आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक होताच ती गेली. तेव्हा ज्यावर 'रॉयल' शब्दाचे आद्याक्षर आहे, तो त्या पाच वर्षांतला असला पाहिजे. प्रजासत्ताकानंतरच्या अधिकृत चिन्हांवर मुकुट जाऊन अशोकस्तंभावरील सिंह आले. विमानावरील वर्तुळाचीही हीच कथा. जपानी विमानाशी गफलत होऊ नये म्हणून १९४२ साली त्यातील तांबडा ठिपका काढण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ तेथे अशोकचक्र होते. आणि १९५० पासून आजचे केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ आले. याखेरीज एक युक्ती आहे. कापडास व दोऱ्यास उजळपणा आणणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. जंबुपार दिव्याखाली धरताच १९४३ चा म्हणविणारा बिल्ला निळसर चमकू लागला, तर खुशाल समजावे की विकणाऱ्याने आपणांस फसविले.

आमच्या टापूतील लोकांना हा विषय परका नाही. शिरुराहून पुण्यास येताना वाघोलीच्या पुढे आकाशात गडगडाट होतो, तो लोहगावच्या विमानतळाचा. १९३९ साली स्थापन झालेल्या या तळावर १९९७ साली आपल्या देशातील पहिली सुखोई-३० विमाने आली, ती २४ व्या म्हणजे 'हंटिंग हॉक्स' पथकात. त्यानंतर २००२ साली सुखोईची सुधारलेली जात घेऊन २० वे 'लायटनिंग्ज' पथक तेथे पुन्हा उभे राहिले. पथके जातात, येतात, विमाने बदलतात. मिग-२१ हे विमान १९६३ साली चंदीगड येथे आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच शहरी त्याला निरोप देण्यात आला. विमान भंगारात जाते किंवा चौथऱ्यावर चढते. सामान्य वायुसैनिकाच्या घरी त्याची खूण म्हणून बहुधा बिल्लाच काय तो उरतो.

आता माझी चूक सांगतो. सात बिल्ले माझ्याकडे आले, तेव्हा प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. त्या मळकट चिठ्ठ्या मी सोडून टाकल्या आणि बिल्ले रंगसंगती साधून एका जाड वहीत डिंकाने चिकटविले. वही मोठी देखणी झाली. काही महिन्यांनी त्या गृहस्थांची नात ती पाहावयास आली. तिने सावकाश पाने उलटली आणि विचारले, "गुरुजी, आजोबा लोहगावला होते तेव्हाचा बिल्ला यातला कोणता?" मला उत्तर देता आले नाही. वहीत २४ व्या पथकाचा बिल्ला होता आणि सुखोईचे नाव असलेला २० व्या पथकाचाही होता. उत्तर चिठ्ठीवर होते, आणि चिठ्ठ्या मी केरात टाकल्या होत्या.

मग आम्ही दोघांनी पेन्शनचे कागद काढले. ते गृहस्थ १९९८ साली लोहगावी आले आणि २००१ साली निवृत्त झाले, असे त्यांत निघाले. म्हणजे त्यांचा बिल्ला २४ व्या पथकाचा. पण मग निवृत्तीनंतर उभ्या राहिलेल्या पथकाचा बिल्ला त्यांच्याकडे आला कसा? कोणी जुन्या सोबत्याने आठवणीने दौंडला आणून दिला असेल. तो सोबती कोण, कधी आला, काय बोलला, हे त्या एका चिठ्ठीला ठाऊक होते. एवढ्याशा कागदाच्या नाशाने दोन माणसांची मैत्री इतिहासातून पुसली गेली, आणि पुसणारा मी, इतिहासाचा शिक्षक!

म्हणून ज्यांना हा छंद आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बिल्ला पोशाखावर शिवलेला असेल तर उसवू नका. तो धुऊ नका; जर काळी पडते आणि रंग उतरतो. डिंक तर लावूच नका. आम्लरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवा. तो कोणाचा, कोठला, कोणी दिला, हे लिहून जवळच ठेवा. आणि तो मिरविण्यासाठी अंगावर चढवू नका. आपण सैनिक वा वायुसैनिक आहोत असे लोकांस वाटावे या हेतूने तसा पोशाख करणे अथवा तसे चिन्ह बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमान्वये गुन्हा आहे. ज्याने ते कमाविले त्याचाच तो मान होय.

ते सात बिल्ले मी वाफेच्या ऊबेने हळूहळू वहीतून सोडविले आहेत. दोघांच्या मागे डिंकाचे डाग राहिले, ते जाणार नाहीत. प्रत्येकाला नवी चिठ्ठी बांधली आहे. सहांवर जेवढे कळले तेवढे लिहिले आहे. सातव्यावर, त्या २० व्या पथकाच्या बिल्ल्यावर, एवढेच लिहिले आहे की हा कोणा मित्राने आणून दिलेला असावा, आणि याची मूळ चिठ्ठी माझ्या हातून हरवली. येत्या रविवारी मी हे सर्व घेऊन दौंडास जाणार आहे. ठेव ज्यांची त्यांच्या घरी पोहोचती करणे, एवढेच आता माझ्या हाती आहे.