बॅटरी-चार्जरची स्टँडबाय वीज

पुन्हा चार्ज होणारे उपकरण वापरात नसताना, किंवा चार्जर नुसताच बोर्डात असताना जळणारी वीज. तिच्यावरील मर्यादांचे नियम.

चार्जरच्या चार अवस्था मानतात: बॅटरी भरणे, भरलेली राखणे, बॅटरीविना जोडलेला असणे आणि बंद. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा नियम (लागू जून 2018) वर्षभराचा एकूण वीजवापर मोजतो. कॅलिफोर्नियाने असा नियम 2013 मध्येच आणला होता. युरोपीय संघात एप्रिल 2020 पासून मोबाइलच्या अडॅप्टरला रिकामे असताना 0.1 वॅटची मर्यादा आहे. वर्षभर अखंड 1 वॅट म्हणजे 8.76 युनिट; त्या हिशेबाने असा अडॅप्टर बोर्डात राहिला तरी वर्षाला एक युनिटही जळत नाही. हाताला गरम लागणारे जुने, जड अडॅप्टर मात्र काढून ठेवावेत.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ऊर्जा दक्षता ब्यूरो 2002 चा, स्टार लेबल 2006 चे. इन्व्हर्टर ब्यूरोच्या ऐच्छिक गटात आले, आणि वऱ्हाडापुरती खरी उणीव हीच. अकोल्यात जठारपेठेसारख्या वस्तीत चार्जरचा प्रश्न मोबाइलपेक्षा इन्व्हर्टरचा आहे. 2005 नंतरच्या भारनियमनाने इन्व्हर्टर घरोघरी नेला. बॅटरी भरल्यावरही तो थोडा करंट देत राहतो, शिवाय ट्रान्सफॉर्मर स्वतःची वीज खातोच. हे मिळून 15 वॅट लागत असतील तर वर्षाचे 131 युनिट झाले. लेबलवर हा आकडा ठळक छापणे सक्तीचे हवे.

अकोल्याचा मे महिना 45 अंशांचा. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांनी लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून उन्हाळ्यात भरलेली राखण्याचा व्होल्टेज उतरवावा लागतो: 12 व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे 0.018 व्होल्ट. ही सोय नसलेला चार्जर वीज आणि बॅटरी दोन्ही खातो. डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावे लागणे ही त्याची खूण. तरीही वीज वाचवायला इन्व्हर्टरचे चार्जिंग महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती पुन्हा पुरती भरत नाही.

स्वतः मोजायचे तर बॅटरी पूर्ण भरू द्यावी, घरातले बाकी सगळे बंद करावे आणि मीटरचा लाल दिवा तासभर पाहावा. युनिटला 3200 लुकलुकी छापलेल्या मीटरवर 15 वॅटला तासात 48 होतात.