जाणीवजागृतीचे खरे शिक्षक

भारतात दिव्यांगांच्या शिक्षणाचा आरंभ प्रामुख्याने मिशनरी व परोपकारी व्यक्तींच्या हातून झाला. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. अशा कार्याचे मोल मोठे आहे. तथापि दिव्यांगांविषयी समाजाला सांगण्याचा अधिकार दीर्घकाळ डोळसांकडे आणि ऐकणाऱ्यांकडेच राहिला.

हा अधिकार दिव्यांगांनी स्वतःकडे घेतला, तो हळूहळू. चाकाच्या खुर्चीवरूनच वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात संस्था उभारली. १९९१ च्या जनगणनेत दिव्यांगांची मोजणीच नव्हती. जावेद अबिदी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे २००१ मध्ये ती झाली आणि २ कोटी १९ लाख नागरिक देशाला दिसले. त्याच वर्षी स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा ऐतिहासिक वास्तूंत तात्पुरते उतार बसविण्यात आले. जे पाहुण्यासाठी काही दिवसांत साधले, त्यासाठी दिल्लीतील दिव्यांग रहिवासी मात्र झगडतच होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. शाळा-महाविद्यालयांतील जाणीवजागृती, पंचायत सदस्य व पोलीस यांचे प्रशिक्षण आणि दिव्यांग शिक्षकांची नेमणूक यांच्या तरतुदीही त्यात आहेत. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तर ती भाषा शिकविण्याची पदविका बधिर व्यक्तींसाठीच ठेवली.

प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून दहा पावले चालणे, एवढेच उरते. पट्टीने अंधाराची भीती कळते. रोज त्याच रस्त्याने एकट्याने बाजारात जाणाऱ्याचे कौशल्य कळत नाही. बँकेची कोणती पायरी अडते, एसटीचा वाहक कोठे थांबा पुकारत नाही, शाळेच्या शौचालयाचे दार खुर्चीला किती अरुंद पडते, हे त्या गावातला दिव्यांगच सांगू शकतो. शिवाय त्याच्याकडून शिकलेले मूल उद्या त्याला रस्त्यात भेटते आणि नावाने हाक मारते. बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला हे साधत नाही.

हीरक महोत्सवात दिव्यांग माजी विद्यार्थ्याचा शाल-श्रीफळाने सत्कार होणे उचितच आहे. त्याला योग्य मानधन देऊन वर्गात शिकविण्यास बोलाविणे आणि त्याने दाखविलेली पायरी पुढील सत्रापूर्वी दुरुस्त करणे, हा त्याहून मोठा सन्मान होय.