बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचे चारशे स्वार

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या बाजूला फाल्गुन सरता सरता मोह गळू लागला म्हणजे पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जाणाऱ्या बायकामुलांना, आपण वेचतो त्या फुलांची नोंद चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे, याची वार्ताही नसेल. विल्यम फिंच हा ईस्ट इंडिया कंपनीचा मनुष्य 1608 साली कंपनीच्या जहाजाचा कप्तान हॉकिन्स याच्याबरोबर सुरतेस उतरला आणि 1610 च्या जानेवारीत आग्र्याच्या वाटेला लागला. नंदुरबारच्या अलीकडे बादूर नावाच्या ठाण्यावर त्याने या फुलांची दारू चाखली, तिला ‘मेवा’ या फळाची दारू म्हटले आणि कढविल्याशिवाय ती प्रकृतीस मानवत नाही असा शेरा मारला. जानेवारीत मोहाला फूल नसते. तेव्हा ती दारू मागल्या मोसमात वाळवून साठविलेल्या फुलांचीच असली पाहिजे, हे या मुलखातले पोरही सांगेल.

फिंचची वाट नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, यावल, रावेर अशी बुऱ्हाणपुरास जात होती. फारुकी सुलतानांची ही राजधानी. 1601 मध्ये असीरगड पडल्यावर ती मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे आणि दक्षिणेच्या मोहिमेची छावणी झाली. मोहिमेचा मुखत्यार होता अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे दोहे आपण रहीमच्या नावाने शाळेत पाठ केले तोच. आणि त्याच्यासमोर अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर उभा होता.

चोपड्यास पोहोचेतो या लढाईची झळ वाटेला लागली होती. अवकाळी पाऊस लागल्याने फिंचला तेथे दोन दिवस मुक्काम करावा लागला, आणि त्या दोन दिवसांतच नंदुरबारचा हाकीम चारशे स्वार घेऊन तेथे आला. त्याची सोबत मिळाली नसती तर पुढे पाऊल टाकणे धोक्याचे होते, असे फिंच स्वच्छ लिहितो. जालनापूर गमावून खानखानान बुऱ्हाणपुरास हटला होता आणि दक्षिणी स्वार खानदेशात शिरून वाटसरू लुटीत होते. त्या हाकिमाचे नाव रोजनिशीत नाही. बादशाही तवारिखांत नंदुरबार म्हणजे माळवा सुभ्यातील एक सरकार, वसुलाच्या आकड्यांची एक ओळ. पण या परक्या माणसाच्या लेखणीतून ते नगर पावसात भिजलेल्या घोड्यांनिशी चालताना दिसते, आणि मला तरी या जिल्ह्याच्या इतिहासातील ही चार वाक्ये कोणत्याही सनदेपेक्षा मोलाची वाटतात. येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: ज्या दक्षिणी स्वारांच्या भयाने फिंच सोबत शोधीत होता त्यांच्यात मराठे बारगीर पुष्कळ होते. अंबराच्या गनिमी काव्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु यावल-रावेरच्या रयतेला त्या काव्याची किंमत आपल्या कणगीतून मोजावी लागली, आणि तिला सोबतीस चारशे स्वार कोणी दिले नव्हते.

बुऱ्हाणपुरात फिंचला पैसे मोजूनही घर मिळाले नाही. शहर सैनिकांनी इतके भरून गेले होते की एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या आवारात त्याला आपला तंबू ठोकावा लागला. शहर आणि बहादरपूर यांच्या दरम्यान खानखानानाची छावणी दोन कोस लांब पसरली होती: पंधरा हजार घोडा, दोनशे हत्ती, शंभर तोफा. पलीकडे वीस-तीस कोसांवर अंबर आपले दहा हजार आणि चाळीस हजार दक्षिणी घेऊन टपून होता. शहजादा परवेझ आणि राजा मानसिंग मोठी फौज घेऊन वेळेवर आले नसते तर शहर खचित गेले असते, असे फिंचचे मत आहे. हवा रोगट, पाणी वाईट, वस्ती गलिच्छ, असे त्याने शहराबद्दल लिहिले. तरीही तापीच्या पात्रात किल्ल्यालगत असलेला दगडी हत्ती पाहण्यास तो विसरला नाही. तो इतका हुबेहूब की पाण्यावर आलेल्या एका खऱ्या हत्तीने त्याच्यावर धडक घेऊन आपले दोन्ही सुळे मोडून घेतले, ही हकीकतही त्याने टिपून ठेवली. त्या दगडी हत्तीच्या कपाळाला शेंदरी रंग होता, आणि भाबडे लोक त्याची पूजा करीत. दोन कोसांवर खानखानानाचा लालबाग होता, आणि तेथवरची सारी वाट झाडांच्या सावलीची होती.

त्याला तंबूत उतरून दोनच दिवस झाले असतील तोच बातमी आली की दीड हजार दक्षिणी स्वारांनी रावेर लुटले. ते गाव त्याने नुकतेच मागे टाकले होते. आपण सुखरूप आलो म्हणून त्याने देवाचे आभार मानले, आणि आता ती वाट हजार स्वारांच्या सोबतीनेही चालण्याजोगी राहिली नाही, असे लिहून ठेवले.